‘एफ’ या एका अक्षराची किंमत

“गाणी रेकॉर्ड करायचीत,” हे मी त्या कॉम्प्युटरच्या दुकानात तीनदा सांगितलं होतं. हे आधी लिहितो, कारण नंतर त्याच दुकानदाराने चार गिऱ्हाइकांसमोर “यांनीच गेमिंगचा मागितला” असं सांगितलं. मी मागितला नव्हता.

२०२२ च्या दिवाळीआधी मुरबाडहून एसटीने कल्याणला गेलो, ६२ हजार रुपये घेऊन. त्यातले निम्मे आमच्या मंडळाच्या भजनाच्या बिदागीतून साठलेले. वहीत लिहून नेलं होतं: आवाज न करणारा कॉम्प्युटर, एसएसडी, १६ जीबी रॅम. दुकानदाराने वही बाजूला सारली. “दादा, यावर मोठमोठे गेम चालतात, तुमची गाणी काय घेऊन बसलात!” काचेचा कॅबिनेट, पुढे तीन रंगीत पंखे, वीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड. आणि ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी पडेल म्हणाला, मग साध्या कागदावर आकडे लिहून दिले. मी तो कागद घेतला, ही माझी चूक.

लग्नसराई सुरू होण्याआधी सरळगावहून किन्हवलीच्या बाजूला जाऊन धवलारीण मावशींना घरी घेऊन आलो. हळदीपासूनचे सगळे धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, त्यांना तोंडपाठ. वाद्य नाही, नुसता गळा. दोन दिवस त्या बसल्या, जवळजवळ चार तासांचं रेकॉर्डिंग झालं. तिसऱ्या रात्री, सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून ऐकायला बसलो. मावशींच्या आवाजाखाली पंख्यांची घरघर होती. ती पातळ करण्याचे उपाय असतात, पण घरघर काढायला गेलो की मावशींच्या आवाजातली खरखरही जाते, आणि तीच तर जपायची होती. त्याहून वाईट म्हणजे मध्येमध्ये ‘टिक’ होऊन अर्धा शब्द गायब. एक धवला मी सात वेळा ऐकला. सातही वेळा नवरीच्या मामाचं नाव तुटलेलंच.

टिक कुठून येते ते शोधायला लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं. दोषी दोन निघाले, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर आणि वायफायचा. वायफाय बंद केलं. कार्ड काढून विकू, त्या पैशांत एसएसडी घेऊ म्हणून कॅबिनेट उघडला, कार्ड काढलं, बटण दाबलं. पडदा काळा.

तेव्हा कळलं. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ होता. इंटेलच्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोयच नसते, वेगळं कार्ड लावावंच लागतं. मला जे कार्ड नको होतं ते काढताही येऊ नये असा तो संच होता. ‘एफ’ नसलेला तोच प्रोसेसर थोडे जास्त पैसे देऊन मिळतो आणि कार्डाचे वीस हजार वाचतात. दुकानदाराला हे माहीत नव्हतं असं मी कधीही मानणार नाही.

परत गेलो. त्याने हेडफोनसुद्धा कानाला लावला नाही. म्हणाला, “गावात कोण ऐकतंय एवढं बारीक?” पैसे गेल्याचं दुःख कमी झालं आहे, ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी पहिल्यांदा बिल मागितलं. बिल असतं तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करणं सोपं झालं असतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही.

आता ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी. ग्राफिक्स कार्डाचा खर्च पूर्ण वाचवा. १६ जीबी रॅम आणि एसएसडी यावर तडजोड नको. ४८ हजार हर्ट्झ, २४ बिटमध्ये एक ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा खातो, म्हणजे भजनाचे बारा ट्रॅक तासाभरात सहा जीबी. माइक थेट कॅबिनेटच्या भोकात खुपसू नका. स्वतःचा असिओ ड्रायव्हर असलेला ऑडिओ इंटरफेस घ्या. पखवाज रेकॉर्ड करताना ड्रायव्हरच्या सेटिंगमधला बफर १२८ सॅम्पल ठेवा. १०२४ ठेवला तर नुसत्या बफरमध्येच एकवीस मिलिसेकंद जातात आणि वाजवणाऱ्याला स्वतःची थाप मागून ऐकू येते. मिक्सिंगला मात्र वाढवा.

आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंग असतंच असं नाही. हेडफोनमध्ये ‘हूं’ असा सलग आवाज येत असेल तर माइक बदलण्याआधी वायरमनला बोलवा. मी दोन माइक बदलले, दोष खड्ड्यातल्या सुकलेल्या अर्थिंगचा होता. यूपीएस हवाच, आणि पावसाळ्यात वीज कडाडू लागली की प्लग काढा. दोन-तीन दुकानं फिरा, जाणकाराला सोबत न्या, पक्कं बिल घ्या.

डेस्कटॉपचा एक फायदा मला उशिरा सुचला. कॅबिनेट माइकच्या खोलीत असायची गरजच नाही. मी भिंतीला भोक पाडून तो पडवीत ठेवला आणि पाच मीटरच्या केबली आत घेतल्या. यूएसबीची साधी केबल त्याहून लांब नेऊ नका. आता घरघर येत नाही.

पण मावशी गेल्या पावसाळ्यात पडल्या. दम पुरत नाही, दोन ओळींवर थांबतात. माझ्याकडे त्यांचं आहे ते तेवढंच, तुटलेल्या मामाच्या नावासकट. शहापूर-मुरबाडात तुमच्या घरी कुणी धवले म्हणणारी आजी असेल, तर कॉम्प्युटर येईपर्यंत थांबू नका. पंखा बंद करा, मोबाइल उशीवर ठेवा आणि आज संध्याकाळीच तिला गायला बसवा.