भरलेली विमाने, रद्द झालेले शेअर

प्रश्न : न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणारे आणि एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणारे एक वाचक लिहितात, की कोविडच्या साथीनंतर अमेरिकेतील विमानप्रवास पूर्वीपेक्षाही वाढला आहे, विमाने खचाखच भरून जात आहेत आणि सुट्टीतले मुंबईचे तिकीट परवडेनासे झाले आहे, असे असूनही त्यांनी घेतलेला कमी भाड्याच्या एका विमान कंपनीचा शेअर सोळा डॉलरवरून दोन डॉलरच्या खाली आला आहे. मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेचा मोठा भाग त्यात अडकला असून मुलगी पुढील वर्षी ऑगस्टमध्ये कॉलेजात जाणार आहे. ४०१-के या निवृत्ती बचत खात्यातून तीस हजार डॉलरचे कर्ज काढून याच भावात आणखी शेअर घेतले आणि ॲव्हरेज खाली आणले, तर मागणी परत आल्यामुळे तोटा लवकर भरून निघेल, हे गणित बरोबर आहे का? शिवाय कॉल ऑप्शन किंवा विमान उद्योगाचा फंड घ्यावा का, असेही त्यांनी विचारले आहे.

उत्तर : प्रश्न शेअरविषयीचा असला, तरी पत्रामागची काळजी वेगळी आहे. मुलीच्या फीची तारीख ठरलेली आहे, झालेला तोटा बहुधा घरात अजून सांगितलेला नाही, आणि ती तारीख येण्यापूर्वी तो गुपचूप भरून काढण्याची घाई पत्राच्या ओळीओळीतून दिसते. मागणी परत आली का, हे विचारण्याची गरजच नव्हती. प्रवाशाने दिलेला डॉलर शेअरधारकापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्यावर कोणाकोणाचा हक्क आहे आणि त्यांची देणी फिटत आहेत का, हे विचारायला हवे होते. थोडक्यात उत्तर असे, की कर्ज काढू नये आणि ॲव्हरेज करू नये. त्याची कारणे मात्र सविस्तर समजून घेणे आवश्यक आहे, कारण ती न समजल्यास हीच चूक दुसऱ्या एखाद्या कंपनीबाबत पुन्हा होते.

मागणीविषयीचे निरीक्षण चुकीचे नाही. विमानतळांवर सुरक्षा तपासणी करणाऱ्या टीएसए या संघराज्य यंत्रणेच्या आकड्यांनुसार एप्रिल २०२० च्या मध्यास एका दिवसात तपासलेल्या प्रवाशांची संख्या सुमारे ८७ हजारांवर घसरली होती, जी आदल्या वर्षी त्याच सुमारास २२ लाखांच्या वर होती. पुढे ७ जुलै २०२४ रोजी हीच संख्या इतिहासात प्रथमच ३० लाखांपलीकडे गेली आणि २०२४ या संपूर्ण वर्षात ती ९० कोटींहून अधिक झाली. प्रवासी परतले, याविषयी वाद नाही. त्यांच्याबरोबर शेअरधारकाचा पैसाही परतला, हा निष्कर्ष मात्र या आकड्यांतून निघत नाही.

तिकिटाच्या रकमेतून सर्वप्रथम सरकार आपला वाटा घेते : देशांतर्गत भाड्यावर साडेसात टक्के कर आणि प्रत्येक एकेरी प्रवासामागे ५.६० डॉलरचे सुरक्षा शुल्क. त्यानंतर इंधन, वैमानिकांसह कर्मचाऱ्यांचे पगार, विमानतळांचे भाडे, विमानांची भाडेपट्टी आणि देखभाल, त्यानंतर कर्जाचे व्याज, आणि हे सर्व भागवून काही उरल्यासच शेअरधारक. साथीच्या वर्षात अमेरिकी प्रवासी विमान कंपन्यांना करोत्तर सुमारे ३५ अब्ज डॉलरचा तोटा झाला. सरकारने मार्च २०२० च्या केअर्स कायद्याखाली आणि त्यानंतरच्या दोन टप्प्यांत पगारासाठी मदत दिली, तरी ती पुरेशी नसल्याने कंपन्यांनी हाती असेल ते तारण ठेवले. युनायटेडने मायलेजप्लस या प्रवासी पॉइंट योजनेवर ६.८ अब्ज, डेल्टाने स्कायमाइल्सवर ९ अब्ज आणि अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या योजनेवर १० अब्ज डॉलर उभे केले. अमेरिकनने नवे शेअरही काढले, त्यामुळे २०१९ अखेरीस ४३ कोटींच्या आसपास असलेली त्यांची संख्या २०२१ अखेरीस ६५ कोटींच्या आसपास गेली. म्हणजे उद्या कंपनीचा नफा साथीपूर्वीइतकाच झाला, तरी जुन्या शेअरच्या वाट्याला त्याचे दोन तृतीयांशच येणार.

परत आलेला पैसाही सर्व कंपन्यांत सारखा वाटला गेला नाही. मोठ्या कंपन्यांची कमाई महाग आसनांकडे आणि क्रेडिट कार्डांच्या भागीदारीकडे वळली, इतकी की डेल्टाला अमेरिकन एक्स्प्रेसकडून २०२४ मध्ये ७ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. कमी भाड्याच्या कंपन्यांकडे असे दुसरे उत्पन्न फारसे नव्हते, आणि फ्लोरिडा व लास व्हेगाससारख्या ठिकाणी जागांचा सुकाळ होऊन भाडी पडली. आसन भरलेले असणे आणि त्या आसनातून खर्च निघणे या भिन्न गोष्टी आहेत, हे ताळेबंद उघडून पाहणाऱ्यालाच दिसते. विमानात बसलेल्याला ते दिसत नाही.

आता मुख्य सापळ्याकडे वळणे आवश्यक आहे, कारण सुशिक्षित आणि हिशेबी माणसेही त्यातच फसतात. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यातील अकराव्या प्रकरणाखाली, ज्याला सर्वत्र चॅप्टर ११ म्हणतात, कंपनी न्यायालयाच्या संरक्षणाखाली आपले कर्ज नव्याने मांडते आणि दरम्यान तिची विमाने उडत राहतात, तिकिटे विकली जातात, पॉइंटही चालतात. प्रवाशाच्या दृष्टीने काहीच बदलत नसल्याने शेअरधारकालाही वाटते, की कंपनी वाचली म्हणजे आपण वाचलो. कायद्याचा अग्रक्रम मात्र वेगळा आहे : प्रथम तारण असलेले सावकार, मग बिनतारणी घेणेकरी, आणि सर्वांत शेवटी शेअरधारक. वरच्यांचे देणे पूर्ण फिटत नसेल, तर जुने शेअर सामान्यतः रद्द होतात आणि नवे शेअर सावकारांना मिळतात. कंपनीचे नाव, रंग आणि विमाने तीच राहतात; मालक बदललेला असतो.

स्पिरिट एअरलाइन्सच्या प्रकरणात हे सर्व टप्पे क्रमाने पाहता येतात. जेटब्लू या विमान कंपनीबरोबरचे तिचे विलीनीकरण बोस्टनच्या संघराज्य न्यायालयाने १६ जानेवारी २०२४ रोजी रोखले. पॉइंट योजना तारण ठेवून काढलेले १.१ अब्ज डॉलरचे कर्जरोखे सप्टेंबर २०२५ मध्ये फेडायचे होते. प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांच्या तपासणीमुळे काही विमाने जमिनीवर अडकली होती. अखेर १८ नोव्हेंबर २०२४ रोजी कंपनी चॅप्टर ११ मध्ये गेली आणि जुन्या शेअरला काहीही किंमत मिळणार नाही, हे तिने त्याच वेळी लेखी जाहीर केले. मार्च २०२५ मध्ये ती बाहेर पडली ती जुने शेअर रद्द करूनच, आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस पुन्हा न्यायालयाच्या दारात उभी राहिली. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की ती प्रथम दिवाळखोरीत गेली त्या २०२४ मध्येच टीएसएने ३० लाख प्रवाशांचा विक्रम नोंदवला होता.

हे प्रथमच घडले असेही नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर घटलेली अमेरिकी प्रवासीसंख्या २००५ पर्यंत जुन्या पातळीच्या पुढे गेली होती, आणि त्याच वर्षी १४ सप्टेंबर रोजी डेल्टा व नॉर्थवेस्ट या दोन्ही कंपन्यांनी एकाच दिवशी दिवाळखोरीचा अर्ज केला. २००७ मध्ये त्यांचे जुने शेअर रद्द झाले. युनायटेड डिसेंबर २००२ पासून फेब्रुवारी २००६ पर्यंत या प्रक्रियेत होती. तिच्या वैमानिकांनी, मेकॅनिकांनी आणि इतर अनेक कर्मचाऱ्यांनी १९९४ मध्ये पगारकपात सोसून कंपनीची ५५ टक्के मालकी घेतली होती. कंपनी आतून ओळखणाऱ्या या लोकांच्या मालकीलाही शेवटी जवळजवळ काही किंमत उरली नाही. मराठी वाचकांना जेट एअरवेजचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. एप्रिल २०१९ मध्ये तिची विमाने थांबली, तरी तिच्या शेअरची खरेदी-विक्री शेअर बाजारात वर्षानुवर्षे चालू राहिली आणि आशेवर जगणाऱ्यांना रोज एक भाव दिसत राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

ठळक अपवाद दोन आहेत आणि लोकांचे सर्वाधिक नुकसान त्यांनीच केले आहे. अमेरिकन एअरलाइन्सची मूळ कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण २०१३ च्या विलीनीकरणात जुन्या शेअरधारकांना हिस्सा मिळाला. हर्ट्झ या भाड्याच्या मोटारींच्या कंपनीच्या शेअरधारकांनाही २०२१ मध्ये चांगली रक्कम मिळाली. या दोन नावांच्या आधारे बुडत्या कंपनीचा शेअर घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की दोन्ही ठिकाणी वरच्या घेणेकऱ्यांचे भागल्यानंतर काही शिल्लक राहिले होते. तशी शिल्लक राहील का, हे प्रवासीसंख्येवरून नव्हे, तर कर्जाच्या रकमेवरून ठरते.

ते ओळखण्यासाठी शेअर बाजार नियामकाच्या एडगर या खुल्या संग्रहात कंपनीचा ताजा तिमाही अहवाल काढावा आणि तीन ठिकाणी नजर टाकावी. पुढील बारा महिन्यांत फेडायचे कर्ज आणि हातातली रोकड यांची तुलना पहिली. संस्था चालू राहण्याविषयी भरीव शंका असल्याचे वाक्य लेखापरीक्षकांनी किंवा व्यवस्थापनाने लिहिले आहे का, हे दुसरे. तिसरी बाब अधिक सूक्ष्म आहे : आगाऊ विकलेल्या तिकिटांची रक्कम ताळेबंदात देणे म्हणून दाखवलेली असते, कारण प्रवास अजून घडवायचा असतो, आणि कंपनी डळमळू लागली की क्रेडिट कार्डांचे व्यवहार हाताळणारी बँक ती रक्कम स्वतःकडे अडवून ठेवू शकते. अशा वेळी बुकिंग जोरात असूनही रोकड आटते. शेअरच्या चिन्हाच्या शेवटी पाचवे अक्षर म्हणून क्यू लागलेले दिसले, तर पुढे वाचण्याची गरज नाही. ती दिवाळखोरीतली कंपनी असते.

या सापळ्यात ४०१-के चे कर्ज घेऊन उतरणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय. कायदा हक्काच्या शिलकीच्या निम्मी किंवा ५० हजार डॉलर, यांतील कमी असेल तेवढी रक्कम कर्जाऊ घेऊ देतो. पण नोकरी सुटल्यास थकबाकी साधारणपणे त्या वर्षीचे करविवरण भरण्याच्या वाढीव मुदतीपर्यंत भरावी लागते, अन्यथा ती काढून घेतलेली रक्कम मानली जाऊन तिच्यावर उत्पन्नकर आणि वय साडेएकोणसाठच्या आत असल्यास सामान्यतः १० टक्के दंड लागतो. एच-वन-बी धारकाला नोकरी गेल्यावर नवा मार्ग शोधण्यास जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत घराचे भाडे, वकिलाची फी आणि मुलीचे कॉलेज यांच्या जोडीला हे देणे उभे राहिले, तर कुटुंबाकडे विकायला उरेल तो दोन डॉलरचा शेअर.

कॉल ऑप्शनविषयी लिहिण्यासारखे काही नाही, घेऊ नयेत. विमान उद्योगाचा फंड एका कंपनीपेक्षा बरा असला, तरी वर्षभरात लागणारी फी त्यात ठेवण्याचे कारण नाही, आणि दीर्घ मुदतीसाठी व्यापक बाजाराचा निर्देशांक फंड घेतल्यास विमान कंपन्या त्यात योग्य तेवढ्या येतातच.

करावयाचे ते एवढेच. वरील तीन कसोट्यांवर कंपनी उतरत नसेल, आणि या भावाला ती उतरण्याची शक्यता कमीच आहे, तर शेअर आताच विकावेत. भांडवली तोटा प्रथम भांडवली नफ्यातून आणि उरलेला पगारी उत्पन्नातून वर्षाला ३ हजार डॉलरपर्यंत वजा होतो व शिल्लक पुढील वर्षांत नेता येते. मात्र विक्रीच्या आधी किंवा नंतर तीस दिवसांच्या आत तोच शेअर घेतल्यास ही वजावट त्या वेळी नाकारली जाते, म्हणून विकून पुन्हा स्वस्तात घेण्याचा मोहही टाळावा. शेअर रद्द होण्याची वाट पाहिल्यास तो नेमका कोणत्या वर्षी कवडीमोल झाला, हे करखात्यापुढे सिद्ध करण्याची कटकट मागे लागते. हाती येईल ती रक्कम फीच्या तारखांना जुळणाऱ्या मुदतीच्या ट्रेझरी बिलांत किंवा विमासंरक्षित बचत खात्यात ठेवावी. तरीही फीला काही कमी पडणार असेल, तर त्यासाठी विद्यार्थ्यांचे संघराज्य कर्ज, कॉलेजची मदत आणि हप्त्यांची सोय हे मार्ग आहेत, मुलीच्या पात्रतेनुसार ते तपासता येतात आणि त्यांची चौकशी आजच सुरू करता येते. त्यासाठी तोट्याचा खरा आकडा पत्नीला आणि मुलीला सांगावा लागेल, आणि हे काम अर्ज भरण्याच्या मुदती संपण्यापूर्वी झाले पाहिजे.