सहस्रकुंडला जाताना हिंगोलीचं आभाळ बघा

सहस्रकुंड धबधब्याचा रस्ता नेहमीचाच: नांदेड, भोकर, हिमायतनगर, इस्लापूर. लातूरकरांनी पहाटेच निघावं. परशुरामाच्या बाणांनी पैनगंगा इथे हजार धारांनी फुटली अशी कथा सांगतात, काठावर महादेवाचं देऊळही आहे. सांगायचं आहे ते पाण्याबद्दल. सहस्रकुंडच्या कातळावर उभं राहून डोक्यावरचं आभाळ बघणारा माणूस चुकीचं आभाळ बघत असतो. ही नदी बुलढाण्यात उगम पावते, वाटेत इसापूरचं धरण आहे, आणि धरणाच्या खाली हिंगोलीकडून आलेली कयाधू तिला मिळते. म्हणून ‘इसापूरचे दरवाजे बंद आहेत, मग कसली भीती’ हा हिशेब अपुरा आहे. कयाधूच्या खोऱ्यात रात्री धो धो कोसळलेला पाऊस इथे काही तासांनी पोचतो, तेव्हा इथे लख्ख ऊन असू शकतं. धरणाच्या विसर्गाची निदान सूचना निघते, कयाधूच्या पुराला असा कोणता दरवाजा नाही.

वरच्या अंगाला पडलेलं पाणी खालच्या माणसाला गाठतं, याचा पुरावा नांदेड जिल्ह्यानेच दिला. १७ आणि १८ ऑगस्ट २०२५ दरम्यानच्या रात्री मुखेड तालुक्यात दोनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. त्यात लातूर-उदगीर आणि कर्नाटकाकडून पाणी आलं, लेंडी नदी फुगली, आणि हसनाळसारख्या गावात झोपेतल्या माणसांचे जीव गेले. ती माणसं सहलीला गेली नव्हती, आपापल्या घरात होती. गावकऱ्यांना जे टाळता आलं नाही, ते टाळण्याची मोकळीक सहलीला जाणाऱ्याला असते, म्हणून त्याची जबाबदारी जास्त. महिनाही बघावा लागतो. जूनमध्ये भेगाळलेली काळी जमीन पहिला पाऊस पिऊन टाकते. ऑगस्टमध्ये तीच जमीन भिजून, फुगून भेगा मिटवते आणि तेवढाच पाऊस जवळपास सगळा नदीत लोटते. ‘जूनमध्ये याहून मोठ्या पावसात आलो होतो’ हा अनुभव म्हणूनच ऑगस्टमध्ये निरुपयोगी आहे.

बर्फातही हेच गणित आहे, आणि दिवाळीनंतर केदारकांठाच्या ट्रेकचं बुकिंग करणाऱ्यांनी ते इथेच शिकून घ्यावं. ताजा बर्फ पडून गेल्यावर आकाश निवळतं, फोटो सुंदर येतात, आणि नेमके तेच एक-दोन दिवस जास्त धोक्याचे असतात, कारण नवा थर जुन्या थराला अजून धरलेला नसतो. वारा एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर रचतो. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार त्या ओझ्याने तुटतो, पुष्कळदा त्यावरून चालणाऱ्याच्याच वजनाने. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ वर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. ते प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी होते, हौशे-गवशे नव्हते. ‘खऱ्या ट्रेकरला काही होत नाही’ हे बोलणं आता थांबायला हवं.

पुन्हा सहस्रकुंडकडे. तिथल्या सावधगिरीवर आक्षेप येतो: धबधबा भरलेला असतानाच बघायचा, नाहीतर जायचं कशाला? बरोबर आहे, पण तो काठावरून बघावा. सहस्रकुंडला पाणी कमी असताना नदीच्या मधल्या कातळांपर्यंत चालत जाता येतं. धोका त्या कातळाचा नाही, परतीच्या वाटेचा आहे. पाणी चढू लागलं की आधी काठालगतच्या सखल घळी भरतात आणि उंच कातळावर उभ्या असलेल्याला ते उशिरा कळतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या ओढ्यात एक कुटुंब असंच प्रवाहाच्या मधोमध अडकलं आणि पाच जण गेले. दुसरा आक्षेप: गावातली पोरं तर उतरतात. ती उतरतात, आणि पाण्याचा रंग बदलला की चढूनही येतात. निवळ पाणी गढूळ होणं, काटक्या-पालापाचोळा वाहत येणं, आवाज जड होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी चपला शोधत न बसता काठ गाठायचा. रविवारच्या गर्दीत गाणी लावलेली असतात, रील चाललेल्या असतात, त्यामुळे हा बदललेला आवाज कुणाला ऐकूच येत नाही. ज्या घळीतून पळायचं, तिच्यातच पत्रावळ्या आणि बाटल्या साचलेल्या असतात. हा नुसता अस्वच्छतेचा प्रश्न राहत नाही.

म्हणून निघण्याआधीच्या रात्री नांदेडचा नव्हे, हिंगोली आणि वाशीमचा पाऊस बघा. इसापूरच्या विसर्गाची बातमी वाचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, यावरून आकडा किती मोठा ते समजेल. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा. वरच्या खोऱ्यात रात्रभर पाऊस झाला असेल तर इस्लापूरपर्यंत जरूर जा, पण कातळावर उतरू नका, आणि हे घरून निघतानाच ठरवा, कारण तिथे पोचल्यावर गर्दी तुमच्या वतीने ठरवते.