मिरगी: आजार एकाला, झळ साऱ्या घराला

या अंकात मिरगीबद्दल बोलू. कोणी तिला फिट म्हणतात, कोणी आकडी किंवा फेफरे. डॉक्टर अपस्मार किंवा एपिलेप्सी म्हणतात. झटका एकाला येतो, पण झळ साऱ्या घराला लागते. ही झळ लपवाछपवीने आणखी वाढते.

मेंदूच्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म वीज वाहते. तिचा एकाएकी लोट उठला की झटका येतो. डोक्याला मार, मेंदूचा जंतुसंसर्ग, जन्मताना बाळ गुदमरणे, न धुतलेल्या भाजीतून पोटात गेलेली फीतकृमीची अंडी ही काही कारणे. कधी कारण सापडतही नाही. पण करणी, बाहेरची बाधा यांचा याच्याशी काही संबंध नाही. मिरगी शिवल्याने पसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास शंभरातील ७० जण झटक्यांशिवाय जगू शकतात.

मग घरे का खचतात? निगडी-भोसरीपासून चाकणपर्यंत आपली मुले कंत्राटी कामावर आहेत. काम जाईल म्हणून मुलगा आजार लपवतो. रात्रपाळीत झोप बुडते, सोबत्यांसमोर गोळी घेणे टळते. या दोन्ही गोष्टींनी झटका येतो. मग कामही जाते आणि मानही. बायको धुणीभांड्याची कामे सोडून घरी बसते. मुलीची शाळा बुडते, कारण बाबांजवळ कोणीतरी हवे. आई स्वतःलाच दोष देते. अशा घरात उदासी आणि भीती मुक्कामाला येते. हीसुद्धा आजाराचीच बाजू आहे. डॉक्टरांना तीही सांगावी, तिच्यावरही उपचार आहेत.

लग्नाचा प्रश्न तर मोठाच. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात पूर्वी वारंवार मिरगी येणे ही लग्नाच्या आड येणारी बाब होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती काढली. कायदा बदलला, आता आपण बदलायचे. स्थळ पाहतानाच आजार मोकळेपणाने सांगावा; लपवून केलेले लग्न मोडते, तेव्हा त्रास मुलीला जास्त होतो. काही गोळ्या गर्भाला घातक असतात, म्हणून मूल होण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. गोळी मनाने बंद करू नये. या आजारातून स्वतः गेलेल्या यशोदा वाकणकर यांनी पुण्यात संवेदना फाउंडेशनचा मदतगट उभा केला. तेथे रुग्ण आणि घरचे एकमेकांशी बोलतात, लग्ने जुळवण्याचेही काम होते.

झटका आला तर:
• घड्याळ पाहा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा.
• हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका.
• झटका ओसरताच कुशीवर वळवा, शुद्ध येईपर्यंत जवळ थांबा.
• ५ मिनिटांत थांबला नाही, शुद्ध न येता पुन्हा आला, पहिलाच असेल किंवा बाई गरोदर असेल, तर १०८ ला फोन करा.

उपचारासाठी पिंपरीत संत तुकारामनगरचे वायसीएम रुग्णालय आहे. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर चिंचवडच्या मोहननगरातील कामगार विमा रुग्णालयात कार्ड घेऊन जा. त्याचा लाभ घरच्यांनाही मिळतो. गाडी, प्रेस मशीन आणि उंचीवरचे काम यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आजारी पडून एकटा टाकलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले, अंथरुणावर निजवले आणि संघाला आजाऱ्याची सेवा करायला सांगितले. आपल्या वस्तीत मिरगी असलेल्या घराशी असेच वागू. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे हा विषय काढा आणि झटक्याच्या वेळी काय करायचे ते पोरांना करून दाखवा.