वारणेतील संगणक आणि स्थानिक संशोधकांचे जाळे

गावात संगणक पोहोचला की माहितीची दरी बुजेल, असा विश्वास १९९० च्या दशकाच्या अखेरीस सर्वत्र व्यक्त होत असे. १९९८ साली सुरू झालेला ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हे त्याचे देशभर गाजलेले उदाहरण होय. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणेचा सहकारी समूह एकत्र आले. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी संस्थांचे जाळे येथे आधीच असल्याने स्थळाची निवड उचितच होती. बाजारभाव, पीकसल्ला, शासकीय योजना असे सारे काही शेतकऱ्यास गावातील केंद्रावर मराठीतून मिळावे, अशी योजना होती.

प्रत्यक्षात काय घडले, याची पाहणी पुढे बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी केली. केंद्रांचा उपयोग मुख्यतः कारखान्याच्या व्यवहारापुरताच होत होता : ऊसनोंद, खते, तोडणीचा परवाना, उसाचे वजन आणि बिल. एवढ्या मोजक्या आकड्यांसाठी संगणक चालू ठेवणे खर्चिक होते. म्हणून सात गावांत आठ महिने तीच माहिती मोबाइलच्या लघुसंदेशाद्वारे देऊन पाहण्यात आली. ही पद्धत अधिक स्वस्त व सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांनीही तिलाच पसंती दिली. निष्कर्ष २००९ मध्ये, म्हणजे प्रकल्पारंभानंतर ११ वर्षांनी, प्रसिद्ध झाले.

‘किती संगणक बसवले’ आणि ‘त्यांचा उपयोग कोणी, कशासाठी केला’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत. परीक्षार्थींची उत्तरे बहुधा पहिल्यापाशीच थांबतात. दुसऱ्याचे उत्तर मिळण्यास संशोधक गावाजवळचा असावा लागतो. वारणानगर येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशी पाहणी अभ्यासक्रमाचाच भाग असती, तर एका गळीत हंगामात बरेच काही हाती लागले असते.

या दिशेने दोन उपक्रम महत्त्वाचे आहेत. केंद्र शासनाने ११ नोव्हेंबर २०१४ रोजी उन्नत भारत अभियान सुरू केले. त्याचे समन्वयन आयआयटी दिल्लीकडे देण्यात आले. महाराष्ट्रात २०१६ च्या शासन निर्णयाने उन्नत महाराष्ट्र अभियान आकारास आले. त्यामागे आयआयटी मुंबईतील, १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचा अनुभव होता. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी पाणीपुरवठ्यासारख्या स्थानिक प्रश्नांचा अभ्यास जिल्हा प्रशासनासोबत करावा, हे त्याचे सूत्र.

मात्र सुटा अहवाल फार दूर जात नाही. वारणेत लघुसंदेशामागे कारखान्याचे वजन आणि बिल होते, म्हणून त्याला मोल आले. जेथे असा एकच मोठा खरेदीदार नाही, त्या मेळघाटात वा धडगावात तोच प्रयोग निराळा निघू शकतो. आणि हा फरक दोन्हीकडच्या अभ्यासकांनी सारखेच प्रश्न विचारून आपल्या नोंदी एकमेकांसमोर ठेवल्या, तरच दिसेल.