निदानाची वाट पाहतांना: मुलाच्या संगोपनाविषयीं पाठ



गेल्या कापूस वेचणीच्या दिवसांत आर्वी तालुक्यांतील एका गांवीं एक भगिनी आपला अडीच वर्षांचा मुलगा घेऊन मजकडे आली. मुलगा धडधाकट, चालता फिरता; परंतु बोलत नाहीं, हांकेस वळत नाहीं, आणि घटका घटका एक ताटली गरगर फिरवीत बसतो. तिनें मला आठवण दिली कीं, वर्षापूर्वीं तिनें हेंच मला विचारिलें होतें, आणि मीं हंसून उत्तर दिलें होतें कीं, बाई, मुलगे उशिरांच बोलतात. मला तें आठवतहि नव्हतें. धीर देण्याच्या हेतूनें मीं बोललेल्या एका वाक्यानें त्या मुलाचें एक वर्ष गेलें. तुमच्यापैकीं कोणाच्या तोंडून तसें वाक्य जाऊं नये म्हणून हा पाठ लिहीत आहें.

सर्व मुलें एकाच वयांत चालूं बोलूं लागत नाहींत हें खरें. पण या सवलतीसहि सीमा आहे. ९ महिने होऊनहि मूल आधारावांचून बसत नाहीं, १८ महिने होऊनहि चालत नाहीं किंवा एकहि अर्थाचा शब्द बोलत नाहीं, २ वर्षांचें होऊनहि दोन शब्द जोडीत नाहीं, नांवानें हांक मारिली असतां पाहत नाहीं, तर दाखवावें. आलेले शब्द मागें गेले, तर वय कोणतेंहि असो, त्याच आठवड्यांत दाखवावें. अशा खुणेवरून अमुकच व्याधि आहे असें ठरत नाहीं. तें ठरविणें उपदेशकाचें काम नव्हे, व शेजारणीचेंहि नव्हे.

गांवांत प्रथम आशाताईस व अंगणवाडीताईस सांगावें. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाप्रमाणें वैद्यकीय पथकानें अंगणवाडींत वर्षांतून दोनदां येऊन मुलें तपासावयाचीं असतात, व वाढ मागें दिसल्यास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावयाचें असतें. पण पथकासाठीं थांबूं नये. सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय व सावंगीचें विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय हीं दोन्हीं आपल्याच जिल्ह्यांत आहेत, व दोन्हीं ठिकाणीं बालरोगाचे व कानाचे डॉक्टर आहेत.

न बोलणाऱ्या मुलाचे कान आधीं तपासावे. भांडें पडलें कीं दचकतो, म्हणजे त्याला ऐकूं येतें, असें आजी म्हणतात. परंतु भांड्याचा खणखणाट ज्यास कळतो, त्यास बोलण्यांतील बारीक अक्षरें न कळणें शक्य आहे. मूल झोपलें असतां डोक्यास तारा लावून ही तपासणी करितात. तींत कांहीं दुखत नाहीं. वेखंड उगाळून जिभेस लावल्यानें कान उघडत नाहींत.

आतां मुख्य गोष्ट. तपासणीची तारीख पुष्कळदां कित्येक आठवड्यांनंतरची मिळते. आणि तपासणी झाल्यावरहि डॉक्टर कधीं कधीं सहा महिन्यांनीं पुन्हां आणा म्हणतात, कारण लहान वयांत निदान ठरण्यास वेळ लागतो. आईबाप समजतात कीं, रोगाचें नांव कळल्यावांचून आपणांस कांहीं करितां येत नाहीं. ही समजूत मोठी हानि करिते. शेतांत पाऊस किती येईल हें ठाऊक नसतांहि आपण नांगरणी करून ठेवितोंच कीं नाहीं? पहिल्या कांहीं वर्षांत मेंदू फार वेगानें घडत असतो, आणि मुलाशीं खेळण्याबोलण्यास डॉक्टरची चिठ्ठी लागत नाहीं.

त्या भगिनीस मीं जें सांगितलें, व जें मीं जाणत्यांकडून शिकलों, तें असें. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीवर बसावें. तो ताटली फिरवितो तर ती हिसकूं नये. आपणहि दुसरी ताटली घेऊन फिरवावी, व थांबून त्याच्याकडे पाहावें. आंघोळीच्या वेळीं "पाणी" म्हणावें, तांब्या वर धरून मनांत पांचपर्यंत मोजावें, आणि त्यानें पाहिलें, हात केला किंवा आवाज केला कीं ओतावें. भाकरीचा तुकडा एकदम सगळा न देतां थोडा थोडा द्यावा, म्हणजे त्यास मागण्याचें कारण राहतें. लांब वाक्यें नकोत. तो एक शब्द बोलला तर आपण दोन बोलावे. हातवारे केल्यास बोलणें मागें पडेल ही भीति धरूं नये. वेचणीहून थकून आलेल्या आईस हें अधिक काम नव्हे. जें काम ती रोज करितेच त्यांतच हें बसतें.

हातीं मोबाईल देऊन मूल गप्प बसविणें सोपें. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे कीं, २ वर्षांखालील मुलास पडदा मुळींच दाखवूं नये, व ५ वर्षांखालील मुलास दिवसांत १ तासाहून अधिक नाहीं. एका कामीं मात्र तो उपयोगी: घरीं मूल कसें वागतें याचें लहानसें चित्रण करून डॉक्टरांस दाखवावें, कारण रुग्णालयांत मूल निराळेंच होतें. एका वहींत तारीख घालून नवीन काय आलें, काय गेलें, झटके आले काय, हेंहि लिहावें. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांची वही उपदेशकानें लिहावी.

त्या घरीं सासू म्हणे, सुनेनें ग्रहण पाळिलें नाहीं. आमच्या मंडळींतील एका वडील माणसानें ग्रहणाऐवजीं पाप म्हटलें. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनींहि हेंच विचारिलें होतें, आणि प्रभूनें त्यांस काय उत्तर दिलें तें योहानाच्या नवव्या अध्यायांत पुन्हां वाचावें. मुलाशीं सर्वांत अधिक जिला बोलावयाचें आहे, तिलाच दोष देऊन मुकी करूं नये.

मूल ३ वर्षांचें झाल्यावर निदान नाहीं म्हणून त्यास अंगणवाडीपासून दूर ठेवूं नये. दिव्यांग बालकांस अंगणवाडींत कसें सामावून घ्यावें याची कार्यपद्धति केंद्र सरकारनें २०२३ सालीं प्रसिद्ध केली आहे. ताईस त्याविषयीं विचारावें.

तपासणीच्या दिवशीं वही, जुन्या चिठ्ठ्या व माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावें. झोपेचें औषध देणार असतील तर मुलास केव्हां खाऊं घालावें हें आदल्या दिवशींच विचारून घ्यावें. वेचणीचा खाडा पडतो म्हणून तारीख चुकवूं नये. त्या दिवशींचें वेचणें मंडळींतील भगिनींनीं वांटून घ्यावें, आणि बापानें घरीं न राहतां आईबरोबर जावें.