लाँगबोर्ड : ट्रकचा कोन, फळीची उंची आणि आपले गुडघे

चाके लावलेली लांब फळी म्हणजे लाँगबोर्ड. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी चालवणाऱ्या तरुणांनी १९५० च्या दशकात फळीला चाके लावून ती रस्त्यावर आणली. आता मोबाइलवर व्हिडिओ पाहून आपली मुलेही बोर्ड मागतात. नवा परवडत नाही, म्हणून कुणाचा तरी वापरलेला घेतला जातो. तो आधीच्या माणसाच्या वजनाला आणि सवयीला लावलेला असतो. मूल त्यावर दमते, त्याचा गुडघा दुखतो आणि आपण म्हणतो, "याला जमत नाही." पुष्कळदा दोष मुलाचा नसून जोडणीचा असतो. ती पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन घरीच सुधारता येते.

पंपिंग म्हणजे काय?

जमिनीला पाय न लावता, कंबर आणि खांदे डावी-उजवीकडे वळवत, बोर्ड नागमोडी चालवून वेग घेणे म्हणजे पंपिंग. झोक्यावर उभे असताना आपण योग्य क्षणी गुडघे वाकवतो आणि झोका वाढतो, तसाच हा प्रकार आहे. चाके पुढे सहज फिरतात, पण आडवी घसरत नाहीत. त्यामुळे वळणावर दिलेला आडवा जोर बोर्डला पुढे नेतो. मांड्या, पोटऱ्या, पोट आणि कंबर यांना चांगला व्यायाम होतो. शिवाय सतत एकाच पायाने ढकलताना दुसऱ्या गुडघ्यावर जो भार येतो, तो टळतो.

ट्रकचा कोन

फळीखाली पुढे आणि मागे धातूचा एकेक जोड असतो, त्याला चाके बसवलेली असतात. त्याला ट्रक म्हणतात. फळी एका बाजूला झुकवली की ट्रक वळतो. किती वळेल, हे त्याच्या कोनावर ठरते. लाँगबोर्डला बहुधा ५० अंशांचे ट्रक येतात. कोन वाढवला तर थोड्या झुकावात जास्त वळण मिळते. कमी केला तर वळण कमी आणि स्थिरता जास्त.

पंपिंगसाठी पुढचा ट्रक जास्त कोनाचा, साधारण ५० ते ६० अंश, आणि मागचा कमी, साधारण २० ते ३० अंश ठेवतात. पुढचा वाट दाखवतो, मागचा त्याच्या मागे जातो. दोन्ही सारखेच वळू लागले तर शेपूट हलते, जोर वाया जातो आणि वेगात बोर्ड थरथरतो.

कोन बदलण्यासाठी नवा ट्रक घ्यावा लागत नाही. फळी आणि ट्रक यांच्यामध्ये प्लास्टिकची तिरकी पाचर बसवतात. लक्षात ठेवायला सोपे आहे : पुढे काय आणि मागे काय, दोन्ही पाचरांची जाड बाजू शेपटीकडे. त्याने पुढचा कोन वाढतो, मागचा कमी होतो.

फळीची उंची

फळी उंच असेल तर ट्रक झुकवायला जोर कमी लागतो आणि चाक फळीला घासत नाही. पण पाय जमिनीला टेकवताना उभ्या पायाचा गुडघा दरवेळी जास्त वाकतो, तोलही लवकर जातो. म्हणून शिकणाऱ्याने फळी आधी खालीच ठेवावी. पाय न टेकता पाच-दहा मिनिटे पंपिंग जमू लागले की ३ ते ६ मिलिमीटरची सपाट पट्टी घालून उंची वाढवावी. पट्टी किंवा पाचर घातली की बोल्टही लांब लागतात. नट पूर्ण बसून बोल्टचे टोक बाहेर दिसले पाहिजे.

चालवण्यापूर्वी एक तपासणी कधीही चुकवू नका. बोर्ड गवतावर ठेवून त्यावर उभे राहा आणि एका कडेला पूर्ण झुका, मग दुसऱ्या. चाक फळीला टेकले तर ते धावताना अचानक थांबेल आणि माणूस पुढे फेकला जाईल. अशा वेळी उंची वाढवा किंवा ट्रकचा मधला नट थोडा आवळा.

शरीर काय सांगते?

एका वेळी एकच बदल करा आणि दहा मिनिटे चालवून पाहा. वळायला फार जोर लागत असेल आणि कंबर दुखत असेल, तर पुढच्या ट्रकचा नट पाव फेरा सैल करा. घोटे सतत थरथरत असतील, तर पाव फेरा आवळा. ढकलणे थांबवून पंपिंग केल्यावर गुडघ्याचे दुखणे थांबले, तर फळी ढकलण्यासाठी उंच आहे. गुडघा सुजला, तर मात्र जोडणीचा विचार सोडून डॉक्टरांना दाखवा.

खेळण्याची जागा

गल्लीतले पेव्हर ब्लॉक, गटाराची झाकणे आणि ओला रस्ता टाळा. सकाळी रिकामे असलेले शाळेचे काँक्रीटचे पटांगण चांगले. हेल्मेट आणि मनगटाचे संरक्षक पट्टे घालूनच बोर्डवर चढा, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो आणि मनगट मोडते. मनगट सुजले तर मालिश करू नका, ओढून बसवू नका. पुठ्ठ्याचा आधार बांधून एक्स-रे काढायला न्या. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर घरी वाट पाहत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.