कामकऱ्याचे घड्याळ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वित्झर्लंडमध्ये बनणारे चांगले घड्याळ ही पैसेवाल्यांच्या खिशात शोभणारी वस्तू होती. कारखान्याच्या भोंग्यावर ज्याचा सारा दिवस अवलंबून, त्या कामकऱ्याला ते परवडत नसे. जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कोफ या घड्याळजीला ही गोष्ट खटकली. १८१३ साली जर्मनीत जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणीच ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावी येऊन स्थायिक झाला होता. वीस फ्रँकांत, म्हणजे मजुराच्या सुमारे आठवड्याच्या कमाईत, टिकाऊ घड्याळ द्यावयाचे, असे त्याने ठरविले.

हलका माल वापरून किंमत उतरविणे सोपे असते. रॉस्कोफने तसे केले नाही. यंत्रातील कोणत्या भागावाचून चालेल, याचा त्याने शोध घेतला.

घड्याळाला चावी दिली, की आतल्या डबीतील पोलादी कमान आवळली जाते. ती उलगडताना डबी फिरते आणि दातेरी चक्रांची मालिका चालू लागते. तिला अडविणारे कोणी नसेल, तर काटे गरगर फिरून कमान क्षणात मोकळी होईल. म्हणून शेवटच्या चक्राचा दाता एक चिमुकली तरफ अडवून धरते. शेजारी केसासारख्या बारीक कमानीवर तोलचक्र मागेपुढे झुलत असते. त्याच्या प्रत्येक झोक्याला तरफ हलते व एक दाता सुटतो. सुटतासुटता तो तोलचक्राला हलकासा धक्काही देतो. हीच टिकटिक. साध्या मनगटी घड्याळात ती बहुधा सेकंदाला पाच, म्हणजे दिवसाला ४,३२,००० वेळा होते!

दाता तरफेवर घासतो तेथे भारी घड्याळांत माणके बसवीत. ते काम नाजूक व खर्चाचे. रॉस्कोफने तेथे पोलादाच्या दोन खुंट्या उभ्या केल्या, कमानीची डबी मोठी केली आणि मधले चक्र गाळून टाकले. सारे घड्याळ ५७ भागांत तयार झाले. पहिल्या नमुन्याचे काटे तर बोटानेच सरकवावे लागत!

इतर कारागिरांनी नाके मुरडली. स्वस्त ते टाकाऊ, असे त्यांना वाटले असावे. परंतु १८६७ च्या पॅरिस येथील प्रदर्शनात या घड्याळाला कांस्यपदक मिळाले. पुढे विसाव्या शतकात खुंट्यांची ही योजना स्वस्त मनगटी घड्याळांत आली आणि अशी घड्याळे लाखांनी खपली. त्यांच्या खुंट्या झिजत, वेळही थोडा मागेपुढे होई. १९७० नंतर क्वार्ट्‌झ घड्याळांनी त्यांची जागा घेतली. तरी एखाद्या जुन्या पेटीत असे घड्याळ सापडते. चावी देऊन ते कानाशी धरावे. त्याची टिकटिक माणकांच्या घड्याळापेक्षा ठसठशीत ऐकू येते.